उतारावर उभा ट्रॅक्टर

नागपुरात हल्ली लग्न म्हटलं की लॉन आलंच. रिंग रोडला लॉनाला लागून लॉन आहेत आणि लग्नसराईत एकाच्या बँडवर दुसऱ्याची वरात नाचते. अशा लग्नांना आम्ही शाळेतल्या बायका घोळक्याने जायचो. बाकीच्या साड्या बघायच्या, मी जेवणाची रांग बघायचे आणि गभणे मॅडम जमीन बघायच्या. चपलेच्या टोकाने गालिच्याची कड उचलून खालची माती तपासायच्या, या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर टाकायच्या आणि माझ्या कानाशी येऊन म्हणायच्या, "पाटणकर मॅडम, इथं खो-खोचे दोन मैदानं आरामात बसले असते वं." तोवर तिकडे नवरीने हार घातलेला असायचा आणि आमच्या दोघींच्या अक्षता हातातच राहायच्या.

शकुंतला गभणे आमच्या मुलींच्या शाळेत पी.टी. शिकवायच्या, मी गणित. त्या कुहीकडच्या, धानाच्या शेतीत वाढलेल्या. मी जुन्या नागपुरातल्या महाल भागातली, ज्या घरात पिढ्यान्‌पिढ्या लेखणीशिवाय दुसरं अवजार कुणी उचललं नाही त्या घरातली. आमची मैत्री जमली ती भांडणातून. परीक्षा जवळ आली की पी.टी.चा तास गणिताला द्यायचा, असा सगळ्या शाळांमध्ये एक अलिखित कायदा असतो. त्या कायद्याने मी एकदा त्यांचा तास मागितला. "घ्या ना," त्या लगेच म्हणाल्या. मला वाटलं, बाई साधी आहे. पुढच्याच आठवड्यात मी वर्गात भूमितीची आकृती काढत असताना दारात शिट्टी वाजली. "चला पोरींनो, बाहेर. उसना दिलेला तास परत घ्याले आली." वर्ग क्षणात रिकामा झाला आणि मी हातातल्या खडूसकट फळ्याशी उभी राहिले. चिडले, मुख्याध्यापिकांकडे गेले, तिथे आमची चांगली जुंपली, आणि बाहेर आल्यावर त्यांनी माझ्यापुढे आपला डबा उघडला. भाकरी आणि भिवापुरी मिरचीचा ठेचा. एका घासात माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. "आता झालं ना बरोबर?" त्यांनी विचारलं. त्या दिवसापासून त्यांचा तास मागायची माझी छाती झाली नाही.

साडी, खाली पांढरे कॅनव्हासचे बूट, गळ्यात काळ्या दोरीची शिट्टी. शाळा भरायच्या आधी त्या बूट काढून अख्खं मैदान अनवाणी फिरायच्या. पायाला टोचेल तो खडा उचलायचा आणि पदरात टाकायचा. ते खडे मग स्टाफरूमच्या खिडकीत ओतले जायचे, त्यामुळे ती खिडकी काही धड लागायची नाही. कुणी तक्रार केली तर उत्तर तयार असायचं, "तुमच्या खिडकीत आहे तं पोरीच्या गुडघ्यात नाही." खेळताना पडून रडणाऱ्या मुलीला त्यांनी कधी कुशीत घेतलेलं मी पाहिलं नाही. दुरूनच ओरडायच्या, "रडाचं तं धावत धावत रड!" पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला राग आला होता. पण ती पोर खरोखरच भोकाड पसरत उठली, रडत रडत धावली आणि तिने समोरच्या संघातला गडी बाद केला. नंतर तिच्या गुडघ्याला हळद लावताना मॅडमचे हात किती हलके चालत होते, तेही मी पाहिलं.

हळद हे त्यांचं सगळ्यावरचं औषध होतं. हे मुद्दाम सांगून ठेवते, कारण पुढची सगळी गोष्ट त्या हळदीने घडवली आहे.

आमचं मैदान मोठं आणि मुरमाड. एका अंगाला चढ, चढाच्या माथ्यावर टिनाचं शेड, आणि तिथून उतार थेट शाळेच्या पोर्चकडे येतो. पावसाळ्यानंतर गवत एवढं माजायचं की लंगडी खेळणारी मुलगी कमरेपासून वरचीच दिसायची. गवत कापायला माणसं मिळायची नाहीत, मिळाली तर टिकायची नाहीत. तेव्हा मॅडमनी एका पालकाच्या संत्र्याच्या बागेत धूळ खात पडलेला छोटा ट्रॅक्टर हेरला. बागेतल्या ओळींमधून फिरणारा, बुटका, पोटाखाली गवत कापायचं पातं असलेला. पालक तो भंगारात काढणार होते. मॅडमनी तो शाळेसाठी मागून घेतला आणि दुसऱ्या कुणावर भरवसा नको म्हणून स्वतःच चालवत आणला. भर दुपारी, साडीचा पदर खोचून, मागे सिटी बस हॉर्न वाजवते आहे आणि या आपल्या बैलगाडीच्या चालीने रस्त्याच्या मधोमध. फाटकातून आत शिरल्या तेव्हा अख्खी शाळा खिडक्यांना लटकली होती.

त्या ट्रॅक्टरने मैदानाचं रूप पालटलं. गवत कापलं जाऊ लागलं, मागे रोलर लावून जमीन दाबता येऊ लागली, पाण्याची टाकी जोडून उन्हाळ्यात धूळ बसवता येऊ लागली. मॅडम त्याला कधी 'ट्रॅक्टर' म्हणायच्या नाहीत, 'तो' म्हणायच्या. "तो आज खोकलून राहिला." "त्याले सावलीत घेते." पोळ्याच्या दिवशी गवत कितीही वाढलेलं असो, त्याला कामाला लावायचं नाही. आम्ही हसायचो. "हसा," त्या म्हणायच्या. "पोळ्याले बैलाच्या मानेवर जू ठेवत नाही आमच्यात." पोळ्याच्या आदल्या दिवशी शाळा सुटल्यावर त्या एकट्याच शेडमध्ये थांबायच्या. साफसफाई करत असतील असं आम्ही धरून चाललो होतो.

या गुणी बैलाला एकच रोग होता. दिवाळीच्या सुमाराला डाव्या मागच्या चाकाच्या आतून तेल ठिबकायला लागायचं. पोटातून चाकाचा दांडा, म्हणजे एक्सल, बाहेर येतो तिथे एक रबरी कडं असतं, ऑइल सील. ते गेलं की आतलं तेल बाहेर. तेल गळून टायरवर यायचं, जमिनीवर काळा डाग पडायचा, आणि मुख्य म्हणजे शेजारचा ब्रेक भिजायचा. भिजलेला ब्रेक धरत नाही. मग संक्रांतीच्या आसपास कामठीहून हबीबभाई मेकॅनिक यायचे, आल्याआल्या सगळं पेट्रोलने स्वच्छ धुऊन काढायचे, नवं सील बसवायचे आणि जाताना म्हणायचे, "मॅडम, क्या करें, आजकल मालच डुप्लिकेट आ रहा है." दरवर्षी हेच, आणि दरवर्षी डावंच चाक. हबीबभाई म्हणायचे, उतारामुळे डाव्या बाजूवर भार येतो. माझं मत असं की हबीबभाईंना काम येत नाही. मॅडम म्हणायच्या, "एखाद्या बैलाची डावी बाजू नाजूकच असते."

ज्या वर्षाची ही गोष्ट, त्या वर्षी हबीबभाई संक्रांतीला आले नाहीत. त्यांच्या मुलीचं लग्न ठरलं होतं आणि ते त्याच धावपळीत होते. मॅडमनी नवं सील आणून ठेवलं होतं, शिवाय डुप्लिकेट निघालं तर असू द्यावं म्हणून आणखी एक. 'लग्न आटोपू दे त्याचं,' असं म्हणून त्यांनी काम लांबवलं. तेवढ्यात सव्वीस जानेवारी आली.

झेंडावंदन झालं. संस्थेचे सचिव भाषणाला उभे राहिले. सचिवांचा आवाज मोठा आणि त्यांना तो फार आवडायचा. मुली उताराच्या पायथ्याशी रांगेत बसल्या होत्या. मैदान दाबून झाल्यावर मॅडमनी ट्रॅक्टर शेडसमोर ब्रेक लावून, चाकाला दगड लावून ठेवला होता. तो दगड सरकला की कुणी सरकवला, ते कधी कळलं नाही. पण 'आजची विद्यार्थिनी ही उद्याची' इथपर्यंत भाषण आलं आणि ट्रॅक्टर आपण होऊन निघाला. सुरुवातीला अगदी सावकाश. तेवढ्यात मॅडमनी पाहिलं.

त्यांना तसं धावताना मी आधी पाहिलं नव्हतं. चालत्या ट्रॅक्टरवर एक पाय टाकून त्या चढल्या, ब्रेकवर उभ्या राहिल्या, ब्रेक लागला नाही. समोर मुलींच्या रांगा होत्या. त्यांनी सगळ्या अंगाने स्टिअरिंग ओढलं आणि ट्रॅक्टर पोर्चकडे वळवला. पोर्चमध्ये सचिवांची नवी पांढरी गाडी उभी होती. आवाज मोठा झाला. गाडीचं मागचं दार आत गेलं. एकाही मुलीला खरचटलं नाही.

मॅडम खाली उतरल्या. आधी मुलींकडे गेल्या, एकेकीच्या डोक्यावर हात ठेवत शेवटच्या रांगेपर्यंत गेल्या आणि मग सचिवांसमोर येऊन उभ्या राहिल्या. सचिवांचा चेहरा लाल झाला होता. ते म्हणाले, "हा ट्रॅक्टर उद्याच्या उद्या भंगारात जाईल. आणि मैदान सांभाळणं तुम्हाला झेपत नसेल, तर एका लॉनवाल्यांनी विचारलंच आहे आम्हाला. शनिवारी समिती येते आहे जागा बघायला."

"ब्रेक नसलेला ट्रॅक्टर पोरींमधी उभा राहू नये, हे तुमचं बरोबर आहे," मॅडम म्हणाल्या. "पण शनिवारपर्यंत तो धड झाला तं?"

"तर बघू."

"'बघू' नोको, साहेब. तो या उतारावर बिना दगडाचा उभा राहिला तं मैदान पोरींचं. नाही राहिला तं मी स्वतः त्याले भंगारात नेऊन देते. बोला."

सचिव काहीतरी पुटपुटले. पण माइक चालू होता आणि हजार कान ऐकत होते. "बरं, राहील मैदान," त्यांचा आवाज साऱ्या आवारात घुमला.

हबीबभाईंना बोलवा, असं मी म्हटलं. "त्याच्या घरी मांडव पडला आहे. बापानं अशा वेळी तेलात हात घालाचे का?" मॅडम म्हणाल्या. "मी करते. तुम्ही बॅटरी धरा." हबीबभाईंनी फोनवर सगळं समजावलं, मागे सनई आणि बायकांचा कलकलाट. "चाक के नट पहले ढीले करना, बाद में उठाना. और स्प्रिंगवाली बाजू अंदर, तेल की तरफ. भूलना मत!"

शाळा सुटल्यावर आम्ही शेडमध्ये कामाला लागलो. म्हणजे त्या कामाला लागल्या. माझं काम विटा आणणं, बॅटरी धरणं आणि घाबरणं. पुढच्या चाकांना विटांचे अडसर लावले. नट जमिनीवरच सैल केले. जॅकने मागचा भाग उचलला आणि जॅकचा भरवसा नको म्हणून खाली लाकडाचे ओंडके सारले. तेल घमेल्यात काढलं. एक नट असा काही बसला होता की हलेना. मॅडम पान्यावर चढून उभ्या राहिल्या, देवाचं नाव घेतलं, मग सचिवांचं घेतलं, आणि नट सुटला.

चाक निघालं, ब्रेकचा ड्रम निघाला आणि जुनं सील दिसायला लागलं. हबीबभाई असते तर त्यांनी पहिल्यांदा पेट्रोल ओतलं असतं. मॅडमकडे पेट्रोल नव्हतं. म्हणून त्या नुसत्या बोटाने घाण काढायला लागल्या, आणि थांबल्या.

"बॅटरी जवळ आणा."

सीलच्या ओठाशी, म्हणजे त्याच्या आतल्या कडेशी, एक्सलभोवती, तेलाने आणि मुरमाच्या धुळीने घट्ट झालेला एक लेप बसला होता. वरून काळा, पण नखाने खरवडल्यावर आतून पिवळा.

"गंज आहे का?" मी विचारलं.

त्यांनी तो बोटांत चोळला. करकर आवाज आला, वाळू असल्यासारखा. मग नाकाशी नेला.

"हळद आहे," त्या म्हणाल्या. "लोण्यातली."

मला काही कळेना. मग त्या तिथेच, ओंडक्यावर बसून सांगायला लागल्या. त्यांच्या घरी पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे शेकायचे. वर्षभर जू वाहून खांदा सोललेला असतो, त्याला लोणी आणि हळद लावून चोळायचं आणि बैलाला दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आमंत्रण द्यायचं. घरातली थोरली म्हणून हे काम त्यांचं होतं. "मंग बैल गेले. भावानं मोठा ट्रॅक्टर घेतला. तो कायले लावू देते हळद! इथं हा आला, तं मले वाटलं, हा बी ओझं वाह्यते, याचा बी खांदा असनच ना. जिथून चाक निघते तो याचा खांदा. दर पोळ्याले मागून हात घालून चांगलं चोळून राहिली होती."

"आणि डावंच चाक?"

"उजवीकडं पात्याचा लिव्हर आडवा येते. हात पुरत नाही. डावीकडं कोपरापर्यंत जाते."

काखेत कळसा म्हणतात तो हा. लोण्यात मुरमाची धूळ बसायची आणि एक्सल फिरला की त्याच धुळीने सील कानशीसारखं घासून निघायचं. दरवर्षी हबीबभाई नवं सील घालायचे, दरवर्षी मॅडम मायेने त्याला मारायच्या, आणि बोल लागायचा तो दुकानातल्या मालाला. मला हसू फुटलं. अगदी आवरेना. मग मी त्यांच्याकडे पाहिलं आणि ते तिथल्या तिथे विरलं.

"पोरींच्या अंगावर गेला असता वं तो," त्या म्हणाल्या. "माह्या हातच्या लोण्यानं."

पंधरा वर्षांची ओळख आमची, पण त्यांचा आवाज फुटलेला मी तेव्हाच ऐकला. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. मग मी त्यांचंच वाक्य त्यांना परत केलं. "मॅडम, रडाचं तं धावत धावत रडा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. महालातल्या बाईच्या तोंडी ते वाक्य फारच वाईट वाटलं असणार. पण त्यांनी नाक पदराला पुसलं, चेहऱ्यावर काळी रेघ ओढून घेतली आणि स्क्रू ड्रायव्हर उचलला.

जुनं सील उचकटून काढलं. बसायची जागा फडक्याने पुसून लख्ख केली. एक्सलवर बारीक पॉलिश पेपर फिरवला. नवं सील, स्प्रिंगची बाजू आत, ओठाला ग्रीस, आणि मग त्याच मापाचा पाइपचा तुकडा वर ठेवून लाकडी हातोडीने चहूबाजूंनी सारखे टोले. ठोकताना जीभ दातांत धरायची त्यांना सवय होती. सगळं जोडून, तेल भरून झाल्यावर त्यांनी खेळाच्या सामानातली फक्की आणली, मैदानावर रेषा मारायचा पांढरा चुना तो. चाकाखाली त्याचा जाड थर पसरला. "यानं खोटं बोलता येत नाही," म्हणाल्या.

सकाळी फक्कीवर डाग होता. छोटा, पण होता.

मी मनातून हरले. म्हटलंसुद्धा, "जाऊ द्या मॅडम. हबीबभाईंना लग्नानंतर..."

"काहून जाऊ द्या? शनिवार काय हबीबभाईसाठी थांबून राहिला?"

त्यांनी पुन्हा सगळं खोललं. तेच नट, तेच ओंडके. या वेळी एक्सलवर नखाचं टोक हळूहळू फिरवत नेलं आणि एका जागी ते अडकलं. मला हात लावायला सांगितलं. दरवर्षीच्या धुळीने तिथे एक बारीक खाच पडली होती, डोळ्यांना न दिसणारी. नव्या सीलचा ओठ नेमका त्या खाचेवर बसत होता, म्हणजे सील कितीही नवं असलं तरी तिथून तेल येणारच. मॅडमनी खिडकीतल्या खड्यांकडे पाहावं तसं त्या खाचेकडे पाहिलं. बराच विचार केला. मग जवळचं दुसरं सील घेतलं आणि आधीपेक्षा जरासं बाहेर ठेवून, ओठ खाचेच्या अलीकडे, कोऱ्या धातूवर येईल असं बसवलं. प्रत्येक टोल्यागणिक थांबून, वाकून, कुठे वाकडं जात नाही ना ते बघत. ब्रेकवरचं तेल धुऊन, वाळवून, पुन्हा धुऊन. या वेळी पेट्रोल आणलं होतं. काम संपलं तेव्हा माझी बॅटरी मेली होती आणि त्यांच्या हाताचं कातडं सोललं होतं. सोललेल्या जागी त्यांनी हळद लावली नाही. माझ्या पर्समधलं मलम मागून घेतलं.

सकाळी फक्की पांढरी शुभ्र होती.

शनिवारी समितीचे लोक आले. लॉनवालेही आले होते, हातात मोजायची टेप घेऊन. मॅडमनी ट्रॅक्टर शेडमधून काढला, मागे रोलर जोडला, मैदानाला एक फेरी मारली आणि उताराच्या ऐन मध्यावर आणून उभा केला. इंजिन बंद केलं, ब्रेक ओढला. चाकाखाली ना दगड, ना वीट. खाली पोर्चमध्ये सचिवांची गाडी उभी होती, दार नवं बसवलेलं. सचिवांनी ड्रायव्हरला हळूच खूण केली. ड्रायव्हरने गाडी बाजूला घेतली.

मॅडम खाली उतरल्या आणि सचिवांची गाडी नुकतीच हलली होती त्या जागी, ट्रॅक्टरच्या बरोबर समोर, जाऊन बसल्या. मांडी घालून, जमिनीवर. डबा उघडला. "बसा ना साहेब. चहा येते."

कुणी बसलं नाही. सगळे उभे राहून चाकांकडे बघत होते. मीही बघत होते. मॅडमनी आख्खी भाकरी खाल्ली, सावकाश, ठेच्याला लावून. ट्रॅक्टर हलला नाही. शेवटी लॉनवाल्यांनी टेप खिशात घातली. सचिव खाकरले आणि म्हणाले, "दिलेला शब्द आहे आमचा." मी खाली जाऊन मॅडमशेजारी बसले. त्यांनी माझ्यापुढे ठेचा सरकवला.

त्याच उन्हाळ्यात त्या निवृत्त झाल्या आणि भावाकडे गावी गेल्या. गुडघ्यांनी तोवर असहकार पुकारला होता. त्यांची जागा भरली गेली, नव्या मॅडम शिकल्या-सवरलेल्या आणि चांगल्या आहेत. मैदान आहे तिथे आहे. गभणे मॅडम त्यानंतरच्या हिवाळ्यात गेल्या. मी पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. म्हणून त्या माझ्या डोळ्यांसमोर आहेत त्या तिथल्या नाहीत, त्याआधीच्या पोळ्याच्या आहेत. पोळ्याच्या आदल्या दिवशी कुहीच्या बसने त्या आल्या, हातात स्टीलचा डबा. मी डब्याकडे बघून डोळे वटारले.

"भिऊ नका," त्या म्हणाल्या. "मी लय विचार केला. खांदा चाकाशी नसते. जू जिथं टेकते तिथं खांदा. याचं जू कुठं? रोलर जिथं अडकवतो तो हुक. ओढते तं तोच." आणि मग डबा माझ्या हातात देत, "मले वाकता येत नाही आता. तुम्ही लावा."

महालातल्या पाटणकरांच्या सुनेने ट्रॅक्टरच्या हुकाला लोणी-हळद चोळली. चाकाच्या बाजूला माझा हात जरा गेला तर मागून ओरडा आला, "तिकडं नोको!" चोळून झाल्यावर त्यांनी बॉनेटवर तळवा ठेवला आणि बैलाला म्हणतात ते म्हटलं, अगदी हळू, माणसाला सांगावं तसं. "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

मग नव्या मॅडमची परवानगी घेऊन त्या ट्रॅक्टरवर चढल्या. चढताना मी आधार दिला, तो त्यांनी घेतला. मैदानाला एक फेरी मारली. मुली खो-खो खेळत होत्या, त्यांना वळसा घालून गेल्या, एकीवर सवयीने ओरडल्याही. ट्रॅक्टर उताराच्या मध्यावर आणून उभा केला, ब्रेक ओढला आणि उतरल्या. मी वीट आणायला वळले.

"राहू द्या," त्या म्हणाल्या.

आणि डबा काखेला लावून, लंगडत, ट्रॅक्टरच्या बरोबर समोरून त्या उतार उतरून फाटकाकडे गेल्या. पाठ त्याच्याकडे. मी कधी चाकांकडे, कधी त्यांच्या पाठीकडे बघत होते. फाटकाशी शेअर ऑटो थांबली होती. तिथवर पोचेपर्यंत त्यांनी एकदाही मागे वळून पाहिलं नाही.